पोरीच्या ताटातला अतिचार

जैनांच्या पोरींना कराटे झेपत नाही, असं आता उघडपणे बोललं जातं. बोलणारे तीन आहेत. पहिले क्लासचे सर. पोरीला चक्कर आली, चौथ्या महिन्यातच दम लागायला लागला, की ते आईला बाजूला घेऊन सांगतात, "हिला अंडी सुरू करा, नाहीतर जमायचं नाही." दुसऱ्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका. त्या म्हणतात, "आधीच सांगितलं होतं, पोरीच्या जातीला कशाला हवंय हे हाणामारीचं?" आणि तिसरा पावडरवाला. तो दोघांनाही दुखवत नाही, मोठा डबा पुढे सरकवतो आणि हजारांत पैसे घेतो.

तिघांचाही निदानाचा धंदा एकच आहे: दोष धर्मात तरी आहे किंवा पोरीत तरी आहे. मी म्हणते, दोष दोन्हीकडे नाही. पोरीच्या ताटात आहे. ते ताट आपण बायका वाढतो. म्हणून हे लिहिणं सरांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

तरी आधी सरांशीच बोलून घेऊ. मांस-अंड्याशिवाय अंगात बळ येत नाही, ही समजूत कुठून आली? कोल्हापूर-सांगली-बेळगावच्या तालमी आपल्याला परक्या नाहीत. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ चं, आणि तिथे लढायला येणाऱ्या पैलवानांचा मुख्य खुराक दूध, तूप, बदाम, थंडाई हाच. मटण खाणारे होते, नाही कशाला म्हणा. पण मटण न खाणारेही त्याच लाल मातीत घुमले. जरा लांबचं बघायचं तर रोमच्या साम्राज्यातले ग्लॅडिएटर घ्या. लोकांपुढे जिवावरची लढाई करणारी ही माणसं. त्यांना त्या काळी 'जव खाणारे' असं चिडवायचे. तुर्कस्तानातल्या एफिसस इथे त्यांची दफनभूमी सापडली. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तिथल्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिसलं की त्यांचं पोट बहुतेक धान्यावर आणि कडधान्यावरच भरत होतं. आणि ज्या कराटेसाठी अंडी खायला सांगतात ते कराटे जन्मलं जपानच्या ओकिनावा बेटावर. तिथला गरीब माणूस रोज रताळी खाऊन जगायचा, मांस सणासुदीला. रताळं आपल्याला कंदमूळ म्हणून चालत नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्या माणसांनी कराटे घडवलं ते रोज अंडी फोडून नव्हे.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांकडे येते. "अहिंसावाल्यांच्या घरात मारामारी शिकायची?" असं त्या विचारतात. श्रवणबेळगोळला जाऊन ज्यांच्या पायाशी आपण डोकं ठेवतो, ते बाहुबली कोण होते? भरताशी त्यांची तीन युद्धं झाली: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. सैन्याचं रक्त सांडू नये म्हणून दोघे भाऊ एकटे लढले, आणि तिसरी लढाई सरळ कुस्तीच होती. ती मूर्ती उभी करणारा चावुंडराय गंगांचा सेनापती होता. उळ्ळालची राणी अब्बक्का चौटा घराण्यातली, जैन. सोळाव्या शतकात तिने पोर्तुगीजांशी लढा दिला. आणि शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत ते पाठशाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य. अंगावर येणाऱ्याला अडवणं विरोधी हिंसेत येतं, ते गृहस्थाच्या वाटेत येऊ शकतं हे मान्य केलेलं आहे. आपल्या कर्नाटकात तर मुलींच्या स्वसंरक्षणाच्या शिक्षणाला चित्रदुर्गच्या ओबव्वाचं नाव दिलंय. मुसळ हातात घेऊन किल्ला राखणारी बाई ती. तेव्हा धर्माचं नाव पुढे करून पोरीला घरी बसवू नका.

आता ताटाकडे वळू.

आमच्या उणकलात सातवी-आठवीतली, पंचेचाळीस किलोची पोरगी दिवसभर काय खाते ते कुणी मांडून बघितलंय? मी अनेक घरांतलं बघितलंय, सांगते. सकाळी घाईत सुशीला किंवा उपीट, बशीभर, आणि चहा. डब्यात तीन चपात्या आणि दोडक्याची नाहीतर भेंडीची भाजी. त्यातली एक चपाती परत येते. शाळेतून आल्यावर मूठभर चिरमुरे, पुन्हा चहा. सूर्यास्ताच्या आत भात आणि पातळ सार. साराचं भांडं वरून वाढलं जातं, डाळ तळाशी राहते. हा सगळा हिशोब केला तर दिवसाचं प्रोटीन जेमतेम २५ ग्रॅम भरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जे प्रमाण दिलं त्यात मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, वाढत्या वयात त्याहून थोडं जास्त. म्हणजे काहीही न करता नुसती शाळेत जाणारी ही पोरगी ४० च्या आसपास हवी. रोज घाम गाळणाऱ्याला किलोमागे १.२ ते २ ग्रॅम लागतं असं खेळाडूंच्या आहाराचे जाणकार सांगतात. म्हणजे हिला कमीत कमी ५४. आपण देतो निम्मं, आणि चक्कर आली की म्हणतो, "जैन जेवणात ताकद नाही."

जैन जेवणात ताकद आहे. पोरीच्या ताटात ते जैन जेवण पोचतच नाही.

आपल्याच स्वयंपाकघरातलं मांडते. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, चांगल्या जाड, म्हणजे १२ ग्रॅम. मुगाची किंवा मटकीची उसळ, सुक्या धान्याची मोठी मूठ भिजवून, ९ ग्रॅम. मोड आलेलं ज्यांना चालत नाही त्यांनी मोड न आणता भिजवून शिजवावी, प्रोटीन कुठे पळत नाही. घट्ट वरण वाटीभर, ६-७ ग्रॅम. दूध दोन पेले, १३ ग्रॅम. शेंगदाणे मूठभर, ७ ग्रॅम. फुटाणे मूठभर, ६ ग्रॅम. भात आणि सकाळचा नाश्ता मिळून आणखी ८-९. बेरीज करा, साठीच्या पुढे जाते. यात अंडं नाही, कंदमूळ नाही, पावडर नाही, आणि हुबळीच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळत नाही असं काही नाही. द्विदल पाळणाऱ्यांनी दही-ताक उसळीबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावं. एवढंच सांभाळायचं आहे.

हुलग्याचं माडगं, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी, तिळाची पोळी, तंबिटाचे लाडू, हे आपल्या आज्यांनी शेतात राबणाऱ्यांसाठी केलेलं जेवण आहे. आपण उणकलात फ्लॅटमध्ये आलो आणि त्याला 'जड' म्हणायला लागलो. जड नको म्हणून पाव आणला, बिस्किटं आणली. चहात बुडवलेल्या चार बिस्किटांवर पोरगी क्लासला जाते आणि तासभर लाथा मारते! नाचणी घ्या: शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. सकाळच्या चहाऐवजी दुधातली नाचणीची आंबील द्यायला किती वेळ लागतो? आणि नुसत्या प्रोटीनचाही जप नको. भाकरी, गूळ, तूप कमी पडलं तर शरीर प्रोटीनच जाळून टाकतं. पोरगी 'जाड होईल' म्हणून तिचं तूप बंद करणाऱ्या आया मला माहीत आहेत.

आणि आता जे बोललेलं आवडणार नाही ते बोलते. त्याच घरात मुलगा क्रिकेटला जात असेल तर त्याचा दुधाचा पेला वेगळा असतो. बदाम भिजतात ते त्याच्यासाठी. त्याला भाकरी गरम, वरून तूप. पोरीला "तुला हवंय का ग?" असं विचारतात. मुलाला विचारत नाहीत, वाढतात. पोरगी "नको" म्हणते, कारण आई स्वतः रोज शेवटी उरलंसुरलं खाते हे ती जन्मापासून बघते आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय निघाला. मोठ्या बायकांत ५७. हा रोग खालून वर गेला की वरून खाली आला, हे आपणच ठरवावं.

शाळेत आठवड्याला एकदा लोहाची निळी गोळी देतात. "उष्ण पडते" म्हणून ती दप्तरातच राहते. पोरीची पाळी, वरून सराव, आणि जेवणाबरोबर चहा. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. निदान चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा आणि वरणावर लिंबू पिळा. याला पैसे पडत नाहीत.

आता घड्याळाचा प्रश्न. हा खरा अडचणीचा, म्हणून यावर थांबते. क्लास बहुतेक ठिकाणी संध्याकाळी साडेपाच ते सात. आपल्याकडे थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या पुढेमागे. म्हणजे रात्री न जेवणाऱ्या घरातली पोरगी क्लासहून आली की तिचं चूल-पाणी बंद. दुपारी एकला खाल्लेल्या डब्यावर ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहते. अठरा तास! यावर दोनच उपाय आहेत असं लोकांना वाटतं: रात्रीचा नियम मोडा किंवा क्लास सोडा. दोन्ही आळशी उपाय आहेत.

मुसलमान खेळाडू बघा. २०१२ चं लंडन ऑलिंपिक ऐन रमजानमध्ये आलं. काहींनी रोजे पुढे ढकलले, काहींनी पाळले. ज्यांनी पाळले त्यांनी जेवणाचं, झोपेचं, सरावाचं सगळं घड्याळ फिरवलं. आपला नियम त्यांच्या उलट, सूर्य असेपर्यंत खायचं. मग दिवसाचं घड्याळ आपण का फिरवत नाही? शाळेतून साडेचारला आल्यावर चिरमुरे न देता जेवणच द्या: भाकरी, उसळ, शेंगाची चटणी. हेच तिचं संध्याकाळचं जेवण. पाऊण-एक तासाने क्लास. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो तेव्हा परत आल्यावर दूध पिऊ शकते. थंडीत क्लासला जाताना डब्यात तंबिटाचा लाडू द्या, सूर्य मावळायच्या आत तो संपवायचा हे सरांना सांगून ठेवा. सकाळी उठल्यावर पहिला घास मोठा. शरीर दिवसभराची बेरीज धरतं; सराव संपल्या मिनिटाला डबा उघडलाच पाहिजे असं काही नसतं.

याहून चांगला उपाय सामूहिक आहे. तालमीचा जुना वेळ पहाटेचा. दहा-बारा घरं मिळून कुठल्याही सरांकडे गेली आणि "आमच्या मुलींना सकाळी सहाची बॅच द्या" म्हणाली, तर फी कुणाला नको आहे? पण त्यासाठी घराबाहेर पडून बोलावं लागतं. "नियम आड येतो" म्हणून सुस्कारा टाकणं सोपं.

उपवासांविषयी बोलायचं तर शब्द जपून वापरते, पण वापरते. पर्युषणात तेरा-चौदा वर्षांच्या पोरीने उपवास केले की बस्तीत कौतुक होतं, शाल मिळते, फोटो निघतो. तपाला माझा विरोध नाही. पण सोळा भावनांत तपाच्या आधी 'शक्तितः' असा शब्द जोडलेला आहे: आपल्या शक्तीप्रमाणे. ती शक्ती कुणाची? करणाऱ्याची. आईच्या हौसेची नव्हे. बाहुबलींनी वर्षभर उभं राहून तप केलं ते मल्लयुद्ध जिंकल्यावर, आणि स्वतः ठरवून. वाढत्या वयातल्या, सराव करणाऱ्या पोरीने उपवासाच्या दिवसांत लाथाबुक्क्यांचा सराव करायचाच नसतो, हे सरांना सांगायची जबाबदारी आईची. एक तर तप, नाहीतर सराव. दोन्ही एका दिवशी लादू नका.

त्यात आता वजनगटाचं खूळ आलंय. स्पर्धेच्या आधी "दोन किलो उतरव" असं सांगतात आणि आपल्या घरांत ते फार सहज पचतं, कारण उपाशी राहणं आपल्याला पुण्याचं वाटतं. विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. ऑगस्ट २०२४, पॅरिस, पन्नास किलोची अंतिम कुस्ती. रात्रभर अन्न नाही, पाणी नाही, घाम काढणं चाललेलं, आणि सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त! ती जगातली कसलेली पैलवान, तिच्यामागे डॉक्टर उभे. अमेरिकेत १९९७ साली वजन उतरवण्याच्या नादात कॉलेजचे तीन पैलवान थोड्याच दिवसांच्या अंतराने मेले, मग तिथले नियम बदलले. आपल्या गल्लीतल्या क्लासमध्ये तेरा वर्षांच्या पोरीचं वजन कुणी उतरवायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. एक गट वरचा खेळेल, हरेल, काही बिघडत नाही. पोरीची पाळी लांबली, बंद झाली, तर "सरावाने होतं असं" म्हणून सोडू नका. कमी खाऊन जास्त राबणाऱ्या खेळाडूचं शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होतात. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच याला स्वतंत्र नाव देऊन धोक्याची सूचना दिली आहे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या जेवणात एक चीज खरोखर कमी पडते: बी-१२. ते वनस्पतीतून मिळत नाही. दूध-दह्यातून मिळतं, पण चहातल्या चार चमचे दुधाने भागत नाही. पोरीला मुंग्या येतात, थकवा जात नाही, तोंड येतं, तर रक्त तपासा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या. "गोळी चालते का?" म्हणून विचारणाऱ्यांना सांगते, हे जीवनसत्त्व कारखान्यात आंबवण्याच्या क्रियेतून तयार होतं. कॅप्सूलच्या वेष्टणात मात्र जिलेटिन असू शकतं, ते जनावराच्या हाडा-कातड्यातून येतं. तेव्हा साधी गोळी मागा. पावडरवाल्याच्या डब्यात काय असतं? बहुतेक वेळा पनीर फाडल्यावर उरणारं पाणी, सुकवलेलं. विष नाही ते, पण दूध, फुटाणे, शेंगदाणे परवडत असताना त्याची गरज सातवीतल्या पोरीला नाही.

आता मोठ्या गोष्टीकडे. डिसेंबर २०२१ मध्ये बिदर, रायचूर, कलबुर्गी वगैरे जिल्ह्यांतल्या शाळांत सरकारने अंडी द्यायला सुरुवात केली, पुढे ती राज्यभर आली. शाकाहारी समाजांतून विरोध झाला. आपल्यातलेही तावातावाने बोलले. न खाणाऱ्यांना केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की असं ठरलं. ठीक. आता माझा प्रश्न: अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन, केळ्यात जेमतेम १. अंड्याला नाही म्हणताना ती उरलेली ५ ग्रॅम कुठून भरून काढायची, याचा विचार निवेदन लिहिणाऱ्या किती जणांनी केला? दुसऱ्यांच्या गरीब मुलांच्या ताटातलं अंडं आपल्याला खुपतं, आपल्या मुलीच्या ताटात त्या जागी काय आहे ते दिसत नाही. शाकाहाराचा अभिमान धरायचा तर भरलेल्या ताटाने धरावा. मरतुकड्या पोरी घेऊन मिरवणुकीत घोषणा दिल्या, की बघणाऱ्याला शाकाहाराचीच कीव येते.

आणि शेवटी शास्त्र. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाला बांधणं, मारणं, त्याचे अवयव छेदणं, त्याच्यावर झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. पंडितजी शिकवताना बैलाचं उदाहरण देतात. बैलाचं बरोबरच आहे. पण शाळा, ट्यूशन, घरकाम, धाकट्या भावाला सांभाळणं आणि वर क्लास, एवढं ओझं वाहणाऱ्या पोरीला निम्म्या पोटी ठेवणं हे काय आहे? पाचांतले दोन अतिचार रोज आपल्या स्वयंपाकघरात होतात, आणि आपण बटाटा टाळला म्हणून निश्चिंत असतो.

म्हणून मागणं थोडकं आहे. महिला मंडळात दरवर्षी रांगोळीची आणि पाककृतीची स्पर्धा घेतो. यंदा एक दिवस मुलींचं वजन, उंची, रक्त तपासा. पाठशाळेत अन्नपाननिरोध शिकवताना बैलाबरोबर पोरीचंही उदाहरण द्या. उपवास करणाऱ्या अठराच्या आतल्या मुलींना शाल देणं बंद करा. घरात सार ढवळून वाढा, म्हणजे डाळ वर येईल. मुलाला दूध देता तेवढाच पेला मुलीला द्या, न विचारता. आणि आयांनो, तुम्ही तिच्याबरोबर बसून जेवा, गरम भाकरी घेऊन. आई जेवते हे दिसलं की पोरगी "नको" म्हणायचं सोडते.